तिसऱ्या चमच्यावरचा सिंह

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. साल छातीठोक सांगता येतं, कारण त्या वर्षी श्रावण अधिक होता, आणि अधिक महिन्यात साताऱ्यातल्या कुठल्याही सराफाला मान वर करायला फुरसत नव्हती. जावयांना चांदीचे दिवे, चांदीची निरांजनं, चांदीच्या वाट्या. तीन वर्षांनी एकदा जावई नावाच्या माणसाचे दिवस येतात आणि तेवढा महिना बाकीच्या जगाची चांदीची कामं अडून राहतात. माझं काम अडलं ते तिथेच.

महिना लागून तीन-चार दिवस झाले असतील. दुपारी मोबाइलवर एक निरोप आला, बोललेला.

"अनू, गुणमाला बोलतीय. ओळखलंस का न्हाई? घर इकलं बघ सांगलीचं. पंधरा ऑगस्टला आर्जव न्यायला येतोय. आता बेंगळुरात ऱ्हायचं, लेकाकडं, कायमचं. बांधाबांध चाललीय, म्हणून सांगते. माझा एक चमचा तुझ्याकडं हाय, तुझा एक माझ्याकडं. मी जायच्या आत माझा मला दे, तुझा तू घिऊन जा. बास."

तो निरोप मी तीनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता आवाज ऐकला, कारण तो सत्तेचाळीस वर्षांत माझ्याशी बोलला नव्हता. दुसऱ्यांदा शब्द ऐकले. तिसऱ्यांदा राग यावा म्हणून ऐकला, आणि तो आला.

चमच्यांचं एवढंच सांगते. सांगलीत माझं माहेर आणि गुणमालाचं घर भिंतीला भिंत लावून; लग्नानंतरही ती त्याच घरात राहिली. आम्ही कॉलेजात असताना शेजारच्या बंगल्यात एक हॉलंडचे इंजिनियर येऊन राहिले. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आले होते. त्यांची बायको योहाना. दिवसभर एकटीच असायची, म्हणून आम्ही दोघी तिच्याकडे पडीक. तिला आम्ही भाकरी थापायला शिकवलं, तिने आम्हाला सायकल शिकवली, आणि आम्हा दोघींचे गुडघे सारखेच फुटले. अडुसष्ट साली ती परत निघाली, तेव्हा तिने चांदीचे सहा चमचे काढले, तीन माझ्या हातात ठेवले, तीन गुणमालाच्या. तिचं मराठी तोपर्यंत पिकलं होतं. माझ्या चमच्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे माझी आई." गुणमालाच्या चमच्यांवर ठेवून म्हणाली, "हे माझी मावशी." आणि रडायला लागली. घाट सहांचाही एकच, दांड्याच्या मागे बारीक ठसे, त्यातला एक सिंह.

पुढे शहात्तर साली माझ्या सुमंतच्या बारशाला, सांगलीतच, माझ्या माहेरी, मी गुणमालाचे तीन चमचे मागून आणले. खिरीला सहाच्या सहा एकत्र शोभतील म्हणून. संध्याकाळी तिला तिचे तीन परत दिले, तर तिने ते उलटे करून पाहिले आणि एकावर सिंहच नाही! माझ्या तिन्हींवर होता. भरल्या घरात, पाळण्याशेजारी उभी राहून ती म्हणाली, "माझा चांदीचा ठिवून घेतलास आन् हा जर्मनचा माझ्या गळ्यात मारलास व्हय गं?" मी म्हणाले, "तुझा आधीपासूनच तसला असेल, आज बघितलास." ती घुगऱ्या न घेता पायऱ्या उतरली. त्यानंतर लग्नाच्या पत्रिका तेवढ्या पोस्टाने जात-येत राहिल्या.

मी चोर नव्हते. हे मला सत्तेचाळीस वर्षं माहीत होतं. आता ते गुणमालाला, ती सांगली सोडून जायच्या आत, दाखवायचं होतं. कारण एकदा ती बेंगळुरूला गेली की मी कायमची चोर राहणार होते.

मार्ग मयूरीने दाखवला. मयूरी म्हणजे सुमंतची मुलगी, पुण्याला असते. तिने मोबाइलवर शोधून फोन केला. "आजी, त्या लोकांचं फार व्यवस्थित असायचं. सिंह म्हणजे चांदी खरी. टोप घातलेलं बाईचं डोकं म्हणजे सरकारची मोहोर. दोन अक्षरं म्हणजे कारागीर. आणि एक एकटं अक्षर असेल ना, ते साल सांगतं."

माझ्या डोक्यात उजेड पडला. आईचे चमचे एका सालचे असणार, मावशीचे दुसऱ्या. माझ्या तिन्ही चमच्यांवर एकच अक्षर निघालं की मी निर्दोष! इतकं सोपं काम. अर्धा तास पुरे.

अर्धा तास भिंग शोधण्यातच गेला. भिंग आमच्या ह्यांच्याकडे असतं. आमचे हे म्हणजे अनंतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, "राहू दे ना. कशाला उकरून काढतेस?" हे वाक्य त्यांनी पुढच्या तीन आठवड्यांत किती वेळा म्हटलं याची मोजदाद नाही. तेव्हा मला वाटलं, वय झालं.

भिंगातून पाहिलं तर ठसे जवळजवळ गेलेले. जाणारच. पन्नासवर वर्षं दर दिवाळीला, दर गौरीला मी ते चमचे चिंच, राख आणि रांगोळी लावून घासलेले. आपल्याकडे वस्तू चकचकीत नसेल तर घरची बाई आळशी, आणि त्या लोकांच्यात खूण पुसली की वस्तूचं कूळच बुडालं. माझा स्वच्छपणा असा माझ्याच मुळावर आला. सिंह कसाबसा दिसत होता. सालाच्या जागी दोन उभ्या काड्या होत्या आणि मध्ये काहीतरी धूसर. मधली काडी आडवी असली तर एच. तिरकी असली तर एन. माझी इभ्रत त्या एका काडीवर येऊन ठेपली.

"एचच आहे. तिन्हीवर," अनंतराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"अहो, बघितलं तरी का?"

"बघायचं काय त्यात?"

एवढ्यात शेजारचे सुभेदार हंबीरराव आले. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळे कुठल्याही कामात ते आधी पाहणी करतात, मग हल्ला. भिंग घेतलं, एक डोळा मिटला.

"वहिनी, ह्ये कुत्रं हाय."

"सिंह आहे तो."

"शेपूट बघा की. आन् ह्यो हेल्मेट घातलेला जवान."

"बाई आहे ती, हंबीरराव."

"बाई? मग तर लय भारी सरकार म्हनायचं त्यांचं." मग त्यांनी खिशातून टूथपेस्टची ट्यूब काढली. ते तयारीनेच आले होते. "जरा घासू. बॅज असंच चमकवायचो आमी परेडला."

त्यांनी अंगठा चालवला तेवढ्यात मी चमचा ओढून घेतला. घासून घासूनच तर ही वेळ आली होती! टोप घातलेल्या बाईचं नाक मात्र त्या एका अंगठ्यात गेलं.

मग समोरच्या बाईंनी सल्ला दिला, की काजळ भरून कागदावर ठसा घ्या. घेतला. तिन्ही ठसे मेलेल्या डासासारखे आले. मला वाटलं, कागदाऐवजी कणकेत घ्यावा. मऊ असते, खाचाखोचांत शिरते. ही कल्पना मात्र माझी स्वतःची, आणि अजूनही मला ती उत्तम वाटते. तीन गोळ्यांवर तीन चमचे दाबले. पहिल्यावर काडी आडवी दिसली! दुसऱ्यावर आडवी! तिसरा गोळा उजेडाकडे धरणार, तोच मयूरीचा फोन आला. मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून मी बोलत राहिले. बोलताना हात रिकामा ठेवायची मला सवय नाही. फोन ठेवला तेव्हा तव्यावर तिसरी पोळी फुगली होती.

"आज पोळ्या मऊ झाल्यात," पुरावा खात अनंतराव म्हणाले आणि आणखी एक मागितली.

पुन्हा गोळे करून पाहिले, पण मन शांत नव्हतं. तिसऱ्यावर काडी कधी आडवी यायची, कधी तिरकी. म्हातारपणी आपल्याला हवं ते दिसायला लागतं, एवढं कळण्याइतकी मी अजून शहाणी आहे. म्हणून जाणकाराकडे जायचं ठरवलं.

सराफांचं सांगितलंच. एक म्हणाले, "काकू, भाद्रपदात या." दुसऱ्यांनी चमच्यांकडे न बघताच विचारलं, "जावई किती?" मग कुणीतरी सांगितलं, की हॉलमार्क करून देणारं एक केंद्र आहे, तिथे यंत्रं आहेत. शहराचं नाव सांगत नाही, माणसं बिचारी सज्जन होती.

खिडकीतल्या तरुणाने एक अर्ज पुढे केला. त्यात पहिलाच रकाना, दुकानाचा परवाना क्रमांक.

"दुकान नाही. घरचे चमचे आहेत."

"खरेदीची पावती?"

"हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये घेतलेत."

"मग तिथली पावती."

"अहो, मला फक्त यावर कुठलं अक्षर आहे ते वाचून हवंय."

"काकू, आम्ही छाप मारतो. वाचत नाही." मग त्याला माझी दया आली असावी. "एक करता येईल. ओळखीच्या सराफातर्फे आणा. हे सगळं पुसट झालंय, ते साफ करून वर नवीन छाप मारून देऊ. एकदम स्पष्ट."

आयुष्यभर मी कार्यालयांकडे कामं मागितली आणि त्यांनी नाही म्हटलं. त्या दिवशी कार्यालय हो म्हणत होतं आणि मी चमचे पदराखाली धरून जिना उतरत होते.

घरी हंबीररावांनी आणखी एक बातमी आणून ठेवली होती. शंभर वर्षांवरच्या वस्तू म्हणे सरकारात नोंदवाव्या लागतात. "तसं चमच्याला लागतं का म्हाईत न्हाई," ते म्हणाले, "पर उद्या दारात जीप आली तर आपलं स्टेटमेंट एक पाहिजे." अनंतरावांचा चेहरा पांढरा पडला. "मी म्हणतच होतो, राहू दे."

आता राहणार नव्हतं. दोन ऑगस्ट उलटून गेली होती. मी गुणमालाला निरोप धाडला, तोही बोललेला, तोही बासवर संपणारा. शुक्रवारी दुपारी दोन वाजता, सांगलीचा सराफ कट्टा, तुझे तीन घेऊन ये. तिने दुकान कळवलं. साईराज नावाचा मुलगा बसतो, त्याच्या आजोबांकडे आम्हा दोघींच्याही आयांनी डोरली केली होती. दोन्ही पक्षांना मान्य असा पंच.

अनंतराव येणार नव्हते. कंबर दुखत होती. पण हंबीरराव म्हणाले, "वहिनी, एस्कॉर्ट म्हनून मी येतो," तेव्हा त्यांना लाज वाटली आणि तेही निघाले. हंबीररावांच्या मते एसटीत चांदी पिशवीतून नेणं म्हणजे चोराला आमंत्रण. त्यांनी आपली फौजी पाण्याची बाटली आणली, तिन्ही चमचे रुमालात गुंडाळून आत सोडले आणि झाकण लावलं. कराडला गाडी थांबली तेव्हा मला तहान लागली. मी बाटलीकडे बघितलं, बाटलीने माझ्याकडे बघितलं.

साईराजच्या दुकानात गुणमाला आधीच बसली होती. मी दारातच थांबले. मला वाटलं होतं, मी ताठ मानेने आत जाईन. पण कोपऱ्यात एक छोटीशी म्हातारी बसली होती, कानात यंत्र, हातात रुमालाची पुरचुंडी, आणि ती माझ्याकडे बघून डोळे बारीक करत होती.

"कोन ते? अनू का? केवढी वाळलीस गं."

"आणि तुझी उंची कुठे गेली?"

"गेली. चमच्यासंगं."

म्हणजे भांडण शाबूत होतं. मला जरा हायसंच वाटलं.

पंचनाम्याला सुरुवात झाली ती बाटलीपासून. जाताना चमचे गेले होते, येताना रुमालासकट आडवे झाले. हंबीररावांनी बाटली उलटी करून झटकली, मग ठोकली, मग फौजी हिंदीत तिला काही सांगितलं. गुणमाला यंत्र नीट करत म्हणाली, "देयाचा न्हाई म्हनून काय काय करतीस गं!" शेवटी साईराजने लांब चिमटा घालून एकेक ओढून काढला.

सहा चमचे लाल मखमलीवर ठेवले. साईराजने डोळ्याला आजोबांचं भिंग लावलं. असा मन लावून बघणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. चमचा तिरका करायचा, उजेड आडवा घ्यायचा, फुंकर मारून वाफ धरायची. वाफ विरताना म्हणे गेलेली रेघ क्षणभर दिसते. माझा जीव त्या वाफेत.

"काकू, तुमचा पहिला. एच. दुसरा, एच." त्याने तिसरा उचलला. फुंकर मारली. पुन्हा मारली. "हा एन आहे."

"नीट बघ."

"एन आहे, काकू. आणि ह्या आज्जींचे दोन बघितले, दोन्ही एन."

गुणमालाने आपले दोन एन जवळ ओढून घेतले. भांडली असती तर बरं झालं असतं. सत्तेचाळीस वर्षं मी तिच्या वाट्याच्या, मावशीच्या चमच्याने साखर घेत होते. भरल्या घरात तिला खोटं पाडलं होतं. माझ्या स्मरणशक्तीचं घरात केवढं कौतुक! कुणाच्या लग्नात काय वाढलं होतं ते मी सांगते. आणि चोर मीच होते.

"थांबा," साईराज म्हणाला. त्याच्या हातात तो सहावा होता, बिनसिंहाचा. "हा जर्मन सिल्व्हर नाही. चांदीच आहे, ह्यांच्यातलीच. आणि हा झिजलेला नाही. झिजला तर कडा गोल होतात. इथं सपाट आहे. कानस मारलीय कुणीतरी." त्याने भिंग आणखी जवळ नेलं. "आणि वर काहीतरी कोरायला घेतलं होतं. मराठीत आहे. सौ… मग अ… मग अर्धवट न. पुढं पुसलंय."

आपल्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव घालतात. बारशाच्या वाटीवर, लग्नाच्या पातेल्यावर, पाण्याच्या तांब्यावर. भांड्याच्या दुकानात सुईचं यंत्र घेऊन बसलेला माणूस असतोच. पण ह्या चमच्यावर नाव घालायला मी कधीच दिलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही. मग 'सौ. अन' कोरायला देणारं उरलं कोण?

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. अनंतराव दुकानातलं देवाचं कॅलेंडर वाचत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

"अहो."

"बारशाच्या आदल्या दिवशी," ते कॅलेंडरला म्हणाले. "तुला आवडेल म्हणून. सहा चमचे एकत्र होणार, तुझे-तिचे मिसळू नयेत म्हणून तुझ्या तिन्हींवर नाव घालायला नेले. तो म्हणाला, इथं आधीच कायतरी खरडलंय, साफ करून घेतो. मी पान आणायला गेलो होतो. येऊन बघतो तर सिंह नाही. मी ओरडलो. मग त्याने घाबरून नावही पुसलं."

"आणि?"

"आणि मी तो आणून सहांत ठेवला. परत देताना कुठला कुणाकडे जाईल, मला काय माहीत?"

"आणि ती पायऱ्या उतरून गेली तेव्हा कुठे होतात?"

"पाळण्याची दोरी धरून उभा होतो. सासुरवाडी होती गं माझी. पाहुणे होते. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी जास्त अवघड झालं. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं."

हंबीरराव हळूच म्हणाले, "अनंतराव, ह्याला आमच्यात कोर्ट मार्शल हाय."

पहिली हसली ती गुणमाला. आधी मला वाटलं खोकतेय. "जावईबापू," ती डोळे पुसत म्हणाली, "आवं एवढा भोळा चेहरा, आन् दोन बायकांची उभी हयात खाल्लीत की वो!" मग मीही हसले, आणि हसताहसता मला रडू आलं, कारण ती म्हणाली ते खरं होतं. तिच्या मुलीच्या बाळंतपणात मी नव्हते. माझी आई गेली तेव्हा ती भिंतीपलीकडे होती आणि आली नाही. एका पानाच्या विड्यापायी.

मी एन उचलून दोन्ही हातांनी तिला दिला. वाटलं, आता ती म्हणेल, असू दे गं. तिने तो घेतला, निरखला, आपल्या दोघांत ठेवून रुमालाची घट्ट गाठ मारली. सपाट पाठीचा माझ्यापुढे सरकवला. गुणमाला पहिल्यापासून अशीच.

"चल आता घरी," ती उठत म्हणाली. "माझं दिवस मावळायच्या आत जेवान असतंय. तासभर हसत बसलीस तर उपाशी ऱ्हावं लागंल."

मी एका दिवसासाठी गेले होते. अनंतराव आणि हंबीरराव संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मी पंधरा ऑगस्टला परतले. अर्धं सामान बांधलेल्या त्या घरात, खोक्यांवर बसून, आम्ही रोज तिच्या जैन रीतीने उजेडी जेवलो आणि दिवा लागला की बोलत बसलो.

नंतर कुणाचं काय झालं ते सांगायला हवं.

साईराजने दुकानात एक पाटी लावली, 'जुन्या चांदीवरील ठसे वाचून मिळतील'. गिऱ्हाईक फारसं येत नाही, पण येईल त्याला तो चहा पाजतो. केंद्रातला तो तरुण मला एकदा मंडईत भेटला आणि वाचलं का अक्षर, म्हणून त्याने आवर्जून विचारलं. योहानाचं काही कळलं नाही. तिच्या गावाची आम्हा दोघींना दोन वेगवेगळी नावं आठवत होती. आम्ही दोन्हीकडे पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. हंबीररावांच्या बाटलीत अजून रुमाल अडकलेला आहे. तो काढायचे त्यांचे प्रयत्न चालू आहेत.

अनंतरावांना सांगून टाकल्याची चटक लागली. सत्तेचाळीस वर्षांचं ओझं उतरल्यावर त्यांना गाढ झोप यायला लागली, आणि सकाळी चहाबरोबर ते एकेक कबुली द्यायला लागले. एक्क्याऐंशी साली माझ्या भावाचं पत्र आपणच हरवलं होतं. लोणच्याची बरणी मांजराने फोडली नव्हती. आता मीच म्हणते, अहो, राहू दे.

गुणमाला बेंगळुरूला चौदाव्या मजल्यावर राहते. खाली मुलं खेळतात ती तिला दिसतात, ऐकू येत नाहीत. रोज चार वाजता तिचा फोन येतो. मी बोलते, ती काय म्हणून विचारते. ती बोलते, मी काय म्हणून विचारते. सत्तेचाळीस वर्षांचं बोलायचं राहिलंय आणि दोघींनाही नीट ऐकू येत नाही. पण फोन पाचच्या आत कुणीच ठेवत नाही.